राजबंगल्याच्या भागीआत्या

राजबंगल्यात पुस्तकं घेऊन गेलो त्या पहिल्याच दिवशी मला भागीआत्यांनी अडवलं. तोवर त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. टेम्पो टेकडीच्या मागच्या अंगाला उभा केला होता, कारण तिथून वाड्याचं मागचं दार पन्नास-साठ पावलांवर होतं. पुढच्या बाजूनं जायचं म्हणजे वळसा घालून दगडी पायऱ्या चढायच्या. मी आणि टेम्पोवाला पहिलं खोकं उचलून मागच्या दाराशी पोचलो, तर दारात एक ठेंगणी, काटक बाई केरसुणी आडवी धरून उभी.

"काय हाय खोक्यात?"

"पुस्तकं आहेत. वाचनालयाची."

"मंग हितनं नाय. पुढल्या दारानं न्या."

"अहो, तिकडे पायऱ्या आहेत. अजून तीसेक खोकी आहेत खाली."

"असू द्या. मी लागतंय ना हाताखाली."

आणि खरंच लागल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं. डोक्यावर चुंबळ ठेवून, वर पुस्तकांचं खोकं घेऊन त्या पायऱ्या चढायला लागल्या आणि आम्ही दोघे पुरुष निमूटपणे मागून. दुपारी शेवटचं खोकं दरबारात टेकवलं तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं. जरा वैतागूनच मी विचारलं, की आत्या, मागच्या दाराशी काय वैर आहे तुमचं?

त्या पदरानं मान पुसत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, माझी आजी त्या मागल्या दारानं आली. आई आली. दोगींनी जलमभर या बंगल्याला पानी वाह्यलं. पुढला दार आतनं कसा दिसतो, दोगींनी कदी बगितला नाय. आता बंगला लोकांचा झाला. किल्ली माझ्याकडं दिली. मंग मी पुस्तकांना मागल्या दारानं घेऊ व्हय?"

मी मास्तर नव्हतो. शहापूरहून नेमणुकीवर आलेला साधा ग्रंथपाल होतो. पण पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस आत्यांच्या लेखी मास्तर होता आणि पुढची सहा वर्षं मी मास्तरच राहिलो.

धसईच्या बाजारात उभं राहून डोंगराकडे पाहिलं, की सह्याद्रीच्या भिंतीअलीकडे एक सुटी टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर काळ्या दगडाचा दुमजली वाडा आहे. कुठल्याशा लहान संस्थानाच्या राजानं उन्हाळ्यात हवा खायला म्हणून तो बांधला. कागदोपत्री तो राजवाडा, पण आसपासच्या गावांत सगळे राजबंगलाच म्हणतात. संस्थानं गेली तसे राजाचे लोक यायचे थांबले. मग तिथे सरकारी धान्याची पोती राहिली, काही काळ लसीकरणाची शिबिरं झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नुसती वटवाघळं. अखेर दुरुस्ती झाली, एक व्यवस्थापन समिती नेमली गेली आणि वाडा लोकांसाठी उघडला. खाली वाचनालय, वर पोरांसाठी अभ्यासिका, दरबारात कार्यक्रम आणि एका खोलीत जुन्या शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन, असा बेत होता. आत्यांची नेमणूक झाडलोट करण्यासाठी होती. वाडा दाखवायला एक शिकलेला तरुण नेमला होता. तो आठ दिवस आला, मग त्याला भिवंडीला नोकरी लागली. नवव्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा आत्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "चला, मी दाखवतंय."

तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं.

त्यांचा वाडा दाखवण्याचा क्रम वेगळा होता. खोल्यांना त्यांची स्वतःची नावं होती. दिवाणखान्याला त्या 'पंख्याची खोली' म्हणायच्या, कारण त्यांचे आजोबा बाहेरच्या पडवीत बसून तिथला छताचा पंखा दोरीनं ओढायचे. राणीच्या महालाला 'आरशाची खोली' नव्हे, तर 'सोनीची खोली' म्हणायच्या. सोनी ही तिथला मोठा आरसा पुसणारी बाई. एकदा ठाण्याहून इतिहासाचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. ते राजाच्या दूरदृष्टीबद्दल, वास्तुशैलीबद्दल बराच वेळ बोलले. आत्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं झाल्यावर म्हणाल्या, "राजा चांगलाच व्हता, सायेब. माझी आई कदी वायट बोलली नाय त्याला. पन पानी काय आपल्या पायांनी वर चढत नव्हता."

विद्यार्थी हसले. प्राध्यापकही हसले, आणि मग त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. परत जाताना त्यांनी आत्यांना नमस्कार केला. आत्यांनी तो घेतला आणि लगेच एका मुलाला सांगितलं, की बाबा, बाटली घेऊन जा, हितं टाकू नको.

आत्या दिवसभर पुढच्या दाराला एक जुनं जातं लावून ठेवायच्या, वाऱ्यानं दार बंद होऊ नये म्हणून. पाऊस असला तरी दार उघडं. दरबारातल्या खुर्च्यांवर त्या कधी बसल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, की आता कोण अडवणार आहे तुम्हाला? तर म्हणाल्या, "कोन नाय अडवत. पन खुर्चीत बसला की मला झोप येते." वाचता त्यांना येत नव्हतं. तरी पुस्तकाला हात लावण्याआधी त्या हात धुवायच्या आणि परत आलेलं पुस्तक रंगावरून, फाटक्या कोपऱ्यावरून ओळखून नेमक्या कपाटात ठेवायच्या. दरबाराच्या तुळईवर पाकोळ्यांनी घरटी केली होती. खाली पुस्तकांवर घाण पडते म्हणून मी ती काढायची ठरवली. आत्यांनी बांबू माझ्या हातातून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी घरून दोन जुनी लुगडी आणली आणि पिल्लं उडेपर्यंत, महिनाभर, माझी कपाटं हिरव्या लुगड्यांखाली झाकलेली होती.

भिंतीवर नावं कोरणाऱ्यांचा त्यांना फार राग. पण त्या ओरडत नसत. एका जोडप्याला त्यांनी खिळ्यानं नाव कोरताना पकडलं. त्यांना हाताला धरून माझ्या टेबलाशी आणलं, अभिप्रायाची वही उघडून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "नाव लिवायचा हाय ना? हितं लिवा. मास्तर जपून ठेवतील. भिताड काय जपत नाय." त्या दोघांनी खरंच नावं लिहिली, गाव लिहिलं आणि खाली 'माफ करा' असंही लिहिलं.

नावांवरूनच ती यादीची गोष्ट निघाली. समितीला वाड्याचा इतिहास सांगणारा फलक लावायचा होता. मजकूर मी लिहिला होता. राजाचं नाव, बांधकामाचा काळ, दगड कुठून आणला, असं. समितीच्या बैठकीआधी मी तो आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाल्या, "यात पानी कुटं हाय?"

मला आधी कळलं नाही.

"पानी वाहनाऱ्या बाया कुटं हायत यात? खालच्या विहिरीवरनं रोज चढायच्या. मला ठावं हायत सगळ्या. लिवून घ्या."

आणि त्या सांगायला लागल्या. वाडीवार, घरवार. डोळे मिटून, बोटांची पेरं मोजत. त्यांच्या आईपासून सुरुवात केली नाही. सगळ्यात वरच्या घरापासून केली, आई मधेच कुठेतरी आली. तेहेतीस नावं झाली. चौतिसाव्याला त्या अडल्या.

"गवऱ्याची आई."

"तिचं नाव?"

"तिला समदी गवऱ्याची आईच म्हनायची. मागल्या दाराच्या पायरीवर घसरली ती, कंबर मोडली. मंग ती नाय आली परत. मी ल्हान व्हते. नाव काय कुनी घेतलाच नाय तिचा."

मी म्हटलं, "आपण 'गवऱ्याची आई' असंच लिहू."

"नाय. तेतीस बायांना नाव आनि तिला नाय, आसा नाय चालत."

गवऱ्या कधीच वारला होता. त्याची मुलगी कसाऱ्याला दिल्याचं आत्यांना ठाऊक होतं. जावई रेल्वेत लाईनवर कामाला. एका रविवारी आम्ही निघालो. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, तिथून हमरस्त्यानं कसारा. एसटीच्या खिडकीशी आत्या बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वालाच्या शेंगा, कारण रिकाम्या हातानं पाव्हण्यांच्या दारात जायचं नसतं. मला वाटत होतं, एका नावासाठी एवढा खटाटोप. ते मी बोललो नाही, पण त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "मास्तर, तुमची आई काय नावाची?"

"सुमन."

"बगा. लगेच सांगितला."

गवऱ्याची मुलगी पन्नाशीची होती. तिनं चहा केला, शेंगा घेतल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा चेहरा पडला. "आजी आमची मी जन्मायच्या आधीच गेलेली. बापू नुसतं 'आये' म्हणायचा." तिनं मुंबईला मोठ्या भावाला फोन लावला. त्यालाही माहीत नव्हतं. शेजारच्या एका म्हातारीला बोलावलं, तिलाही नाही. आम्ही उठायच्या बेतात होतो, तेव्हा आत्यांनी विचारलं, "तुज्या आजीचा भांडाकुंडा काय हाय का गो घरात?"

देवापाशी एक तांब्या होता. पितळेचा, काळवंडलेला. आजीच्या लग्नात मामानं दिलेला, एवढंच त्या मुलीला ठाऊक होतं. आत्यांनी तो हातात घेतला, काठावर बोट फिरवलं आणि थांबल्या. "चिंच हाय घरात?"

मोरीशी बसून त्यांनी तो तांब्या चिंचेनं घासला. घरची सगळी माणसं दारात उभी राहून बघत होती. काळेपणा निघाला तशी काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसू लागली. आत्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी उजेडाकडे तिरका करून वाचलं. चि. सौ. कां. चांगुणा.

"चांगुणा," आत्या म्हणाल्या. मग त्या मुलीकडे वळल्या. "गो, तुजी आजी चांगुणा." ती मुलगी रडायला लागली. रोज त्या तांब्यानं देवाला पाणी घालत होती ती, वीस वर्षं. आत्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण स्वतः रडल्या नाहीत. परतीच्या वाटेवर शहापूरपर्यंत त्या ताठ बसून होत्या, एखादं मोठं काम फत्ते करून निघालेल्या माणसासारख्या.

फलकाच्या मजकुरात चौतीस नावं आली. समितीतल्या एका सभासदानं पस्तिसावं नाव सुचवलं: भागीरथी, म्हणजे आत्यांचं. लहानपणी शेवटची दोन वर्षं आईबरोबर त्याही पाणी वाहत होत्या. आत्यांनी मान हलवली. "माझी कळशी ल्हान व्हती," म्हणाल्या आणि झाडायला निघून गेल्या.

त्यानंतर वर्षभरानं जिल्ह्याहून एक पत्र आलं. हॉटेल चालवणाऱ्या काही मंडळींनी राजबंगला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मागितला होता. टेकडीवर पोहण्याचा तलाव, खोल्या, रिसॉर्ट. पत्रात लिहिलं होतं, की सदर वास्तूचा सार्वजनिक वापर अत्यल्प असल्याने या प्रस्तावावर विचार व्हावा. पाहणीसाठी अमुक गुरुवारी अधिकारी येतील. समितीतले दोघे-तिघे आतून खूश होते. मी पत्र आत्यांना वाचून दाखवलं.

"अत्यल्प म्हंजे?"

"अगदी थोडा."

त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून दुपारची सुट्टी झाली, की त्या टेकडी उतरायच्या आणि संध्याकाळपर्यंत परतायच्या. ठाकरवाडी झाली, खालची चार गावं झाली, वैशाखऱ्याकडच्या दोन वाड्याही झाल्या. मला वाटलं, मोर्चा काढणार. मी घाबरून म्हटलं, की आत्या, घोषणाबिषणा नकोत, अधिकारी चिडतील.

"घोषना कशाला? मी सांगितलंय, आपापला काम घेऊन या आनि गप करत बसा."

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता जिल्ह्याच्या अधिकारी बाई आल्या. बरोबर हॉटेलवाल्यांची दोन माणसं, समितीचे अध्यक्ष. पायऱ्या चढून ते दारात आले आणि तिथेच थांबले. वरच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी, एक जागा रिकामी नाही. वाचनालयात पेपर वाचणारे म्हातारे. पडवीत बचत गटाच्या बायका सुपांत जुन्या भाताचं बियाणं निवडत बसलेल्या. कुठल्याला निसवायला, लोंबी बाहेर पडायला, उशीर लागतो, कुठलं पाण्यात तग धरतं, हे एकमेकींना सांगत. दरबारात ठाकरवाडीच्या माणसांचा नाच चालू, सणासाठी तालीम म्हणून. शाळेची मुलं अवजारांच्या खोलीत नांगराचे भाग वहीत काढत होती. एवढी माणसं, पण कुणी मान वर करून पाहिलं नाही. आत्यांनी तशी ताकीदच दिली होती.

अधिकारी बाईंनी आत्यांना विचारलं, "आज काही कार्यक्रम आहे का?"

"नाय, मॅडम. आज गुरवार हाय."

बाई सगळीकडे फिरल्या. बियाणं निवडणाऱ्या बायकांजवळ बराच वेळ बसल्या. मग परत येऊन त्यांनी मला विचारलं, "दर गुरुवारी इतके लोक असतात?"

खोटं बोलावं, तर रोज येणाऱ्यांची नोंदवही टेबलावरच होती. आत्याच पुढे आल्या.

"नाय, मॅडम. रोज थोडी थोडी येत्यात. सकाळची भरतीवाली पोरा, दुपारच्या बाया, शनवारी ठाकरवाडीवाले. तुमी येकच दिवस येनार, म्हनून मी सगळ्यांना येकच दिवस बोलावला. तुमी आठ दिस ऱ्हावा, सगळी येगयेगळी दिसतील. मानसा तीच हायत."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. हॉटेलवाल्यांपैकी एकजण हसला. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी नोंदवही मागितली, खुर्ची ओढून बसल्या आणि मागचे सहा महिने एकेक पान करून वाचले. दुपार झाली. बायकांनी त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, तेही त्यांनी तिथेच पडवीत बसून खाल्लं. जाताना आत्यांना म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मी वही वाचली."

निकालाचं पत्र यायला पावसाळा उलटून गेला. प्रस्ताव नाकारला होता. वास्तू सार्वजनिक वापरासाठीच राहील, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते दरबारात मोठ्यानं वाचलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. आत्या मात्र शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "यात तो शब्द हाय का?"

"कुठला?"

"अत्यल्प."

"नाही, आत्या."

"मंग ठीक," म्हणाल्या आणि जात्याला पाय लावून दार नीट उघडं आहे ना, ते पाहायला गेल्या.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून झाली. पाहणीच्या दिवशी सगळे एकत्र आले ते लोकांना आवडलं. भरतीच्या पोरांनी ठाकरवाडीचा नाच पहिल्यांदा जवळून पाहिला होता, ठाकरवाडीच्या बायकांनी बियाणं बदलून नेलं होतं. पुढच्या गुरुवारी ते न बोलावता आले. अजूनही येतात. आता पंचक्रोशीत 'गुरवारला जातंय' म्हटलं, की कुठे जातंय, हे कुणाला विचारावं लागत नाही. तिथली सात पोरंपोरी पोलिसांत भरती झाली. गणवेश मिळाल्यावर आधी आत्यांना दाखवायला आली. आत्या प्रत्येकाची टोपी हातात घेऊन आतूनबाहेरून बघायच्या आणि परत डोक्यावर ठेवायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान मी इतक्या जवळून पाहिला आहे, की आजही कुणी गणवेशातलं दिसलं तर मला आत्या आठवतात.

पुढे त्यांचे गुडघे गेले. टेकडी चढवेना, तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ल्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. वर्षभरात माझीही बदली शहापूरला झाली. गेल्या चैत्रात त्या गेल्याचं कळलं. झोपेतच गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, धसईच्या बाजारात. मी कामासाठी गेलो होतो आणि परतीच्या एसटीत बसलो होतो. गाडी भरायची होती. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्याकडेला गोणपाट अंथरून आत्या बसल्या होत्या. समोर काकड्या, शिराळी, करटुल्याचा लहानसा ढीग. चेहरा उतरला होता, पण पाठ ताठ होती. मी हाक मारणार, इतक्यात मुंबईकडच्या गाडीतून उतरलेली तीन-चार माणसं त्यांच्यापुढे थांबली. त्यांच्यातल्या एकानं टेकडीकडे बोट दाखवलं.

"मावशी, तो वर राजवाडा दिसतोय, तो कुणाचा?"

आत्या काकड्या तोलत होत्या. तराजूवरून त्यांनी नजर उचलली नाही.

"आमचा हाय," म्हणाल्या. "जा, बगून या. पान्याची बाटली घेऊन जा, चढ लय हाय."

त्या माणसांना वाटलं, त्या गंमत करताहेत. एकजण हसला. आत्यांनी काकड्या त्याच्या पिशवीत टाकल्या, वर दोन जास्तीच्या ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी सुटली.